सात वेळा निरंक

मी कॉलेजात नेमकं काय शिकवतो, हे एकदा बायकोला समजावून सांगत होतो. म्हटलं, मुलं गटागटानं सॉफ्टवेअर बनवतात. ते बनवताना काम कसं केलं, कुठं चुकलं, चूक कधी सापडली, हे सगळं लिहून ठेवायचं. मग पुढच्या खेपेला कामाची पद्धत थोडी बदलायची, म्हणजे तीच चूक परत होत नाही. याला प्रक्रिया सुधारणा म्हणतात. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "म्हणजे आज भाजी खारट झाली तर उद्या मीठ बेतानं टाकायचं. एवढ्यासाठी पोरांना इंजिनिअरिंगला घालतात होय?" मी चिडलो. माझा राग तसाही नाकावरच असतो. पण तिचं म्हणणं खोडता येईना, कारण विषय खरोखर तेवढाच आहे. अवघड आहे ते भाजी खारट झाली हे तोंडानं कबूल करणं. ते मला पुढं माझ्याच पाच विद्यार्थ्यांनी आणि कॉलनीत पाणी सोडणाऱ्या एका माणसानं शिकवलं. त्यांचे उपकार फेडायचे तर कसे, ते मला कळत नाही. म्हणून निदान लिहून ठेवतो.

आमचं कॉलेज जालना रोडला, चिकलठाण्याच्या पुढं. तिथं यायच्या आधी मी पुण्यात बरीच वर्षं कंपनीत काढली होती. तिथला आमचा पहिला नियम असा, की चुकांची वही शिक्षा करायला वापरायची नाही. शिक्षा सुरू झाली की लोक चुका करायच्या थांबत नाहीत, लिहायच्या थांबतात. दर वर्षी पहिल्या तासाला मी हे रंगवून सांगायचो. त्या वर्षीही सांगितलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात तीन गटांनी मागच्या वर्षीच्या मुलांची फाईल नवीन कव्हर घालून पुढं केली. इंजिनिअरिंगला फायली अशाच वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडं येतात, थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला यावा तशा. एकानं तर आतली तारीखसुद्धा मागच्या वर्षीची ठेवली होती. माझा पारा चढला. फळ्यावर डस्टर आपटून मी जाहीर केलं, "आजपासून ज्याची चूक, त्याचे पाच गुण कमी!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते हेच.

प्रत्येक गटाला मी एक जाड नोंदवही दिली होती. दर शनिवारी त्यात आठवड्याभराच्या चुका लिहून माझी सही घ्यायची. त्या घोषणेनंतरच्या शनिवारी एका गटानं चुकांच्या रकान्यात एकच शब्द लिहून आणला, निरंक. कोणाचे तरी वडील तहसील कचेरीत होते, तिथून हा शब्द आला असणार. सांगण्यासारखं काही नसलं की सरकारी तक्त्यात हाच शब्द पडतो. पुढच्या शनिवारी सगळ्या गटांच्या वह्यांत निरंक. मी खूश. वाटलं, पाच गुणांची छडी चालली. हिरव्या शाईच्या पेनानं झरझर सह्या करत सुटायचो. हिरवी शाई ही माझी हौस. मोठ्या साहेबांची शाई म्हणून मुलं मागं हसायची, ते मला ठाऊक होतं, तरी मी पेन बदललं नाही.

आता त्या पाच जणांच्या गटाविषयी. त्यांना प्रकल्प मीच दिला होता, माझ्या स्वतःच्या कॉलनीतला. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या, आणि कधी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाच माहीत. आमच्याकडं पाणी सोडायचे ते मामा. साठीच्या आतले, सडसडीत, खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी. रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि मग गल्लीगल्लीतून हाळी देत जायचं, "पाणी आलं होऽऽ!" या हाळीवर चार गल्ल्यांचं घरकाम ठरायचं. मोटारी लागायच्या, टाक्या भरायच्या, बायका ऑफिसला अर्धा तास उशिरा जायच्या. मामांचा घसा त्या वर्षी बसला होता. म्हणून मी मुलांना म्हटलं, असं काही करा की मामांनी फोनवर एक बटण दाबलं की घरोघरी निरोप जाईल.

पोरांनी मन लावून केलं. चार मुलगे, एक मुलगी. मुलगी अजिंठ्याच्या बाजूची, घरी शेती, मोजकं बोलणारी. ती तर मामांच्या मागं मागं फिरून कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीचा ते कागदावर काढून घेऊन आली. महिनाभर मामा बटणही दाबत होते आणि हाळीही देत होते. सगळं सुरळीत दिसत होतं, नोंदवहीत निरंकावर निरंक पडत होतं. मग एका मंगळवारी मीच मामांना म्हणालो, "मामा, आता ओरडू नका. घशाला आराम द्या. बटण दाबलं की झालं."

"नक्की ना सर?" मामा म्हणाले. "लोकायला सवय हाय हाळीची."

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पाणी आलं. मामांनी बटण दाबलं. तीन गल्ल्यांना निरोप गेला. चौथ्या गल्लीत कोणाच्याही फोनवर काही आलं नाही. पाणी नळातून येऊन गेलं, आणि मोटार मात्र कोणीच लावली नाही.

चौथ्या गल्लीत आमच्या कॉलनीचे अध्यक्ष राहतात, निवृत्त हेडक्लार्क. गुरुवारी त्यांच्या नातीचं बारसं होतं. पन्नास माणसं जेवायला आणि टाकीत तळाचा गाळ. शेजाऱ्यांच्या दारात हंडे घेऊन उभं राहायची पाळी आली. अध्यक्षांनी काय ओळखायचं ते ओळखलं, म्हणजे मामानं आमचं पाणी पुढच्या सोसायटीला सोडलं आणि हात ओले केले. त्याच संध्याकाळी त्यांनी अर्ज लिहिला आणि कॉलनीच्या फाटकाशी सह्या घ्यायला उभे राहिले.

मी कॉलेजातून येत होतो. स्कूटरवरच होतो, डोक्यात हेल्मेट. अध्यक्षांनी कागद पुढं केला. "पाण्याचा अर्ज आहे, सर." मला वाटलं, पाणी वाढवून मागताहेत. मी खिशातून पेन काढलं, सही केली आणि घरी येऊन चहा घेतला.

शनिवारी सकाळी कॉलेजला निघालो तर मामा फाटकाशी उभे. चावी नेहमीसारखी खांद्यावर नव्हती, भिंतीला टेकवलेली होती. "सर, कॉलनीनं अर्ज केलाय म्हणं माझ्यावर. ठेकेदार म्हणला, उद्याच्या मीटिंगीत अर्ज कायम झाला तर सोमवारपासून येऊ नको." मग थोडं थांबून म्हणाले, "बावीस वर्षं झाली सर. पाणी इकडचं तिकडं केलं असंल तर ही चावी माझ्या डोक्यात घाला. मी बटण दाबलं व्हतं."

ते असं काही रागानं बोलले नाहीत, आणि त्यानंच मला जास्त लागलं. मी चौथ्या गल्लीत दोन घरी विचारलं. निरोप कधीच आला नव्हता. महिनाभरात एकदाही नाही. हाळी होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सॉफ्टवेअरमधली यादी उघडून पाहिली, तर चौथ्या गल्लीपुढं व्हॉल्व्हचा आकडाच भरायचा राहिला होता.

वर्गात शिरलो तो तणतणतच. तो गट समोरच्या बाकावर होता. "चौथ्या गल्लीची यादी कोणी भरली?"

 मग एक मुलगा उभा राहिला. "मी, सर." लगेच दुसरा उभा राहिला. "नाही सर, माझ्याकडून राहिलं." तिसरा म्हणाला, "सर, गलती मेरी है." चौथा उठला. शेवटी ती मुलगीही उठली आणि म्हणाली, "मी केली, सर."

"एक आकडा भरायचा राहायला पाच जण लागले का रे?" मी ओरडलो. मागच्या बाकांवर कोणी तरी फिसकन हसलं. ते पाच जण हसले नाहीत. खाली मान घालून तसेच उभे राहिले, ओळीनं, आणि एकानंही दुसऱ्याकडं पाहिलं नाही. मी म्हणालो, "तुमच्या या खेळापायी एका माणसाची रोजी जायची वेळ आलीय. उद्या कॉलनीत मीटिंग आहे. सोमवारी मामा घरी बसतील." तेव्हा मात्र त्यांचे चेहरे उतरले. मामांनी प्रत्येकाला कधी ना कधी टपरीवर चहा पाजला होता.

तास संपल्यावर मुलगी नोंदवही घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. पाचव्या आठवड्याचं पान उघडून तिनं माझ्यापुढं ठेवलं. "सर, इथं बघा."

निरंक लिहिलेलं होतं, पेनानं. खाली माझी हिरवी सही. पण शब्दाच्या मागं कागद काळपट झाला होता, खोडरबरानं घासल्यासारखा. मी वही खिडकीकडं धरली. पुसलेली पेन्सिलीची ओळ अजून वाचता येत होती. चौथ्या गल्लीला निरोप जात नाही, बघणे.

"हे तू लिहिलंस?"

"व्हय सर."

"मग पुसलं का?"

 "ज्यानं यादी भरली, त्याचे मार्क आधीच कमी आहेत सर. अजून पाच गेले तर त्याचं इयर डाऊन होईल. त्याच्या घरचे म्हणालेत, वर्ष गेलं तर परत ये आणि शेतात लाग. मी म्हणलं, पुसून टाकू आणि गुपचूप दुरुस्त करू. मग मधली परीक्षा आली. मी विसरले, सर. म्हणून चूक माझीच आहे."

मी वही टेबलावर ठेवली. मग ती अगदी साधेपणानं, तक्रारीचा सूरही न लावता म्हणाली, "पण सर, तुम्ही वाचलं असतं तर दिसलं असतं. डाग लई मोठा हाय."

मला आजवर अनेकांनी सुनावलं आहे. साहेबांनी, प्राचार्यांनी, बायकोनं तर रोजच. पण त्या वाक्याइतकं खोल काही गेलं नाही. सात शनिवार मी त्या वहीवर सह्या केल्या होत्या, आणि एकही शनिवार वाचली नव्हती. चुका लपवायला पोरांना मी शिकवलं, आणि लपवलेली चूक समोर आली तेव्हा तिच्यावर सही करून पुढं गेलो. मी तिला म्हणालो, "उद्या तुम्ही कोणी येऊ नका. मी बघतो."

घरी आलो तर जेवण जाईना. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खरं ते सांगून टाका सगळ्यांसमोर. तुम्हाला चिडता येतं तसं माफी मागताही येत असेल की."

रविवारी सकाळी कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मामा कडेला लिंबाच्या झाडाखाली उभे, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. आणि बघतो तर तीन दुचाक्यांवरून पाचही जण हजर. नको म्हटलेलं ऐकलं तर ते माझे विद्यार्थी कसले. मुलीच्या हातात नोंदवही होती.

अध्यक्षांनी अर्ज वाचला. त्यात मामांनी पाणी दुसरीकडं वळवलं, सबब त्यांना या भागातून काढावं, असं लिहिलेलं होतं. मी उभा राहिलो. घसा खाकरून सांगितलं की मामांनी पाणी वेळेवर सोडलं, बटणही दाबलं. निरोप गेला नाही तो आमच्या सॉफ्टवेअरमुळं. ओरडू नका असंही मीच मामांना सांगितलं होतं. मामांचा यात काडीचा दोष नाही.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "असं कसं सर? या अर्जावर सही तर तुमचीही आहे."

त्यांनी कागद माझ्याकडं द्यायला पुढच्या रांगेतल्या मुलीच्या हातात दिला. तिनं तो पाहिला. वरून तिसरी सही, हिरवी. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मामांनी माझ्याकडं पाहिलं. माझे कान इतके तापले की मला वाटलं, सगळ्यांना दिसत असतील. फाटकापाशी घाईघाईत केलेली ती सही त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातून पार गेली होती. ज्या माणसाचा घसा वाचवायला मी निघालो होतो, त्याला काढून टाका असं मी स्वतः हेल्मेट न काढता लिहून दिलं होतं.

सांगण्यासारख्या सबबी पाच-सहा सुचल्या. घाई होती, अंधारून आलं होतं, पाणी वाढवून मागताय असं वाटलं. पण समोर ते पाच जण बसले होते, ज्यांनी काल एका आकड्यासाठी पाच वेळा चूक कबूल केली होती. मी म्हणालो, "मी न वाचता सही केली. मामा, मला माफ करा."

 मग अध्यक्षच हसले. म्हणाले, "सर, जन्म गेला माझा फायली पुढं सरकवण्यात. न वाचता सही करणारे साहेब पोत्यानं पाहिले. चारचौघांत कबूल करणारे तुम्ही पहिलेच. घ्या, काट मारा." मी माझ्या सहीवर काट मारली. त्यांनी कागद परत घेतला, स्वतःची सही काटली आणि खाली घोटीव अक्षरात लिहिलं, अर्ज मागे घेण्यात येत आहे. मग मामांकडं बघून म्हणाले, "बारशाच्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं हो. मनावर घेऊ नका." सोमवारी मामा कामावर येणार, एवढं नक्की झालं. मला रडू आलं नाही असं मी म्हणणार नाही.

खुर्च्या उचलायला सुरुवात झाली तेव्हा ती मुलगी लिंबाखालच्या बाकावर बसून वहीत लिहीत होती. बाकीचे चौघं भोवती. मी मागून म्हणालो, "लिहा. आता कोणाचे गुण जाणार नाहीत. तो नियम मी काल रात्रीच मोडीत काढला." यादी भरणारा मुलगा पुढं झाला आणि आपलं वाक्य त्यानं आपल्या हातानं लिहिलं. मुलीनं आपलं लिहिलं, पुसल्याचं आणि विसरल्याचं. मग तिनं मान वर केली. "सर, तुमचं?"

"लिही," मी म्हणालो. "सात वेळा वही न वाचता सही. एकदा अर्ज न वाचता."

मामा चावी घेऊन जवळ आले होते. वाकून वहीत बघत म्हणाले, "माझी बी एक लिहा."

"तुमची कसली चूक मामा?" मी म्हणालो.

"हाय की." त्यांनी चावी जमिनीवर टेकवली. "त्या दिशी मी चौथ्या गल्लीतून गेलो. एकाची बी मोटार चालू नाय. मला दिसलं व्हतं. मन म्हणलं, एक हाळी द्यावी. पण सर म्हणले व्हते ओरडू नका, म्हणून गप बसलो. डोळ्यानं दिसत असून बोललो नाय. ही चूकच की. लिहा."

मुलीनं लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. पुढच्या रकान्यात, आता काय बदलणार, तिथं तिनं मामांना विचारलं. मामा म्हणाले, "बटण दाबीन. आन् दिसलं तर हाळी बी दीन." तेही लिहिलं. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात एवढी चांगली नोंद कोणत्याही विद्यार्थ्याच्या वहीत झालेली नाही, माझ्या तर नाहीच नाही. आजही आमच्याकडं निरोप येतो आणि पाठोपाठ हाळीही येते. तो मुलगा पास झाला. आणि दर वर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर पहिली चूक मी माझी लिहून देतो.

त्या दिवशी पान भरल्यावर मी सवयीनं खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडून वाकलो. मुलीनं पानावर हात ठेवला.

"सर," ती म्हणाली, "आधी वाचा."

मी बाकावर बसलो. चष्मा लावला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं वाचलं, मोठ्यानं. ते पाच जण आणि मामा माझं वाचून होईपर्यंत तिथंच उभे राहिले.